दीड किलोच्या आत

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी न्हाणीघरात पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत घरचा स्वयंपाक ह्यांनी केला आणि मनापासून केला, हे आधीच लिहून ठेवते. पुढचं वाचून कुणाला तसं वाटणार नाही म्हणून.

पहिला बळी नॉनस्टिक तव्याचा. थालीपीठ उलटायला लाकडी उलथणं सापडेना म्हणून स्टीलचं घेतलं, आणि मग रोज तेच. आठवड्याभराने जेवताना सासूबाईंनी विचारलं, "थालीपिठात काळे तीळ कधीपासून घालायला लागलास रे?" तीळ कुठले, तव्याचा थर होता. दुधाचं पातेलं दोनदा लागलं. दुसऱ्यांदा इतकं तापलं की बुडाला पोक आलं आणि ओट्यावर ठेवलं की ते भिंगरीसारखं फिरायला लागलं. कुकरमध्ये एकदा पाणीच घातलं नव्हतं. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला, वाचलो.

प्लास्टर निघालं तेव्हा भाद्रपद अर्धा सरला होता. फिजिओथेरपीच्या ताईंनी दाबायला मऊ चेंडू दिला आणि ताकीद दिली: उजव्या हाताने एका वेळी दीड किलोच्या वर काही उचलायचं नाही, दोन्ही हात लावून तीन किलो, निदान सहा महिने. मी मान डोलावली, पण दीड किलो म्हणजे माझ्या ओट्यावरचं नेमकं काय, हे मला कुठे ठाऊक होतं? साठीला आले, पण भांड्याचं वजन कधी केलं नव्हतं. घरी येऊन दिवाळीचं पीठ-साखर मोजायचा काटा काढला. पाच लिटरचा कुकर, आत पाणी आणि वरण-भाताचे दोन डबे, सगळं मिळून चार किलो तीनशे. पितळेचं पातेलं नुसतं रिकामंच तीन किलो दोनशे. आमटीने भरलेलं रोजचं जाड अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं अडीच किलोच्या वर, आणि त्याला कानसुद्धा नाहीत, काठ आहे. म्हणजे ते सांडशीने उचलायचं. सांडशी दाबून धरायला पकडीत जोर लागतो, आणि माझ्या हातून तर सांडशी अर्धवट मिटायची. मला वाटतं, या सगळ्यात खरा अडसर सांडशीच होता. काठाची भांडी बाद म्हटल्यावर निम्मं स्वयंपाकघर बाद.

मग ठरलं, नवी भांडी घ्यायची. इथे ह्यांनी एक गोष्ट चांगली केली. म्हणाले, आधी वापरतो काय ते बघू. फ्रिजवर कागद चिकटवला आणि प्रत्येक भांडं घासायला पडलं की त्याच्या नावापुढे रेघ ओढायची, असं दहा दिवस केलं. कपाटं, माळा आणि ओट्याखालचा कप्पा मिळून एकसष्ट भांडी निघाली. रेघा पडल्या नऊ भांड्यांपुढे. नऊ! चहाच्या भांड्यापुढे सगळ्यांत जास्त, मग तवा, कुकर, एक कढई, दोन पातेली. लग्नात आलेला सहा पातेल्यांचा उतरता संच, बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलेले चार डबे, हौसेने घेतलेलं अप्पेपात्र, सगळी जागच्या जागी.

सल्ला देणारे मात्र नऊपेक्षा जास्त होते. पुण्याची सून फोनवर म्हणाली, "आई, बिडाचं घ्या, जन्मभर टिकतं." टिकत असेल, पण दहा इंची बिडाची कढई रिकामीच पावणेतीन-तीन किलोची, तिला जन्मभर उचलणार कोण? शेजारच्या काकूंचा भर मातीच्या भांड्यांवर. नणंदेचं म्हणणं पितळ, कल्हई लावून. आणि पीथमपूरच्या कारखान्यात असलेल्या पुतण्याने स्टीलच्या प्रतींवर अर्धा तास ऐकवलं, त्यातलं जे पुढे उपयोगी पडलं ते असं: 304 नंबरच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल, म्हणून डब्यावर 18/8 लिहितात. 202 मध्ये निकेल कमी आणि त्याची भर मँगनीजने काढलेली. स्वस्त पडतं, पण मीठ-आंबटापुढे तितकं टिकत नाही. आणि चुंबक या दोन्हींना चिकटत नाही. "काकू, चुंबक लावून कुणी 304 सिद्ध करून दाखवायला लागला की समजा, एक तर त्याला कळत नाही, नाही तर तुम्हाला कळत नाही असं तो धरून चाललाय."

निघायचं ठरलं आणि सासूबाईंनी अडवलं. पितृपक्ष लागला होता. "पक्षपंधरवड्यात नवं भांडं घरात यायचं नाही." मी म्हटलं, आणत नाही, नुसतं बघून येतो. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे परवानगी. पुढे कळलं की याहून चांगला मुहूर्त भांडी बघायला नाही. धनतेरसच्या आठवड्यात आमच्या इंदूरच्या राजवाड्यामागच्या बर्तन बाजारात उभं राहायला जागा मिळत नाही, दुकानदार तुमच्याकडे न बघताच भाव सांगतो. पितृपक्षात तोच माणूस पंख्याखाली पेपर वाचत बसलेला असतो.

राजवाड्यापाशी उतरून चालत गेलो. सराफ्यातून जाताना ह्यांची मान सवयीने वळली, पण दुपारचा सराफा सोन्या-चांदीचा, खाण्याचा रात्रीचा. माझ्या पिशवीत तीन गोष्टी होत्या: नर्मदेच्या पाण्याच्या लिटर-लिटरच्या दोन बाटल्या, फ्रिजवरचा चुंबक, आणि गाठी मारलेली सुतळी. सुतळीवरची एकेक गाठ म्हणजे घरातल्या एकेका ताटलीचा व्यास. झाकणं वेगळी विकत घ्यायची नाहीत, घरच्या ताटल्या बसल्या पाहिजेत, हा माझा हट्ट. काचेचं झाकण दिसायला छान, पण चोवीस सेंटिमीटरच्या झाकणाचंच अर्धा किलोच्या आसपास वजन होतं, आणि ते हातातून सुटलं की संपलं.

पहिल्या दुकानात मी कढईत पाणी ओतलं तर मालकाने कढई काढूनच घेतली. दुसऱ्या दुकानातले शेठजी वयस्कर होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, "बहनजी, ये आप क्या कर रहे हो?" मी हात दाखवला, दीड किलोचं सांगितलं. त्यांना ते इतकं पटलं की त्यांनी पोऱ्याला पाण्याची बादली आणायला लावली आणि स्वतःचा काटा पुढे सरकवला. भांडी वजनावरच विकत असल्यामुळे काटा हाताशीच असतो, पण भरलेलं भांडं त्यावर कुणी ठेवलं नसावं. पुढचा दीड तास आम्ही तिघं आणि तो पोऱ्या मिळून बर्तन बाजारात पाणी तोलत होतो.

रिकामं भांडं हातात घेऊन काही कळत नाही, हे तिथे कळलं. दोन कढया, दोन्ही रिकाम्या सव्वा किलोच्या आत-बाहेर. एकीला लांब दांडा, दुसरीला दोन कान. दीड लिटर पाणी घातल्यावर दांड्याची कढई उचलताना मनगटातून कळ गेली. वजन तेवढंच, पण ते हातापासून वीतभर लांब लोंबत होतं. कानांची कढई दोन्ही हातांत सरळ वर आली. मग कानांतसुद्धा फरक. काहींत दोन बोटं जेमतेम जातात; गरम असताना फडकं धरून कशी जाणार? मी घरचं ओट्यावरचं फडकं नेलं नव्हतं, शेठजींनी गादीवरचा नॅपकिन दिला. तो घडी करून ज्या कानांतून नीट गेला, तेवढ्याच कढया पुढे राहिल्या. अशा तीन उरल्या.

आता धातू. स्टील टिकाऊ, आंबटाला चालतं, पण उष्णता पसरवत नाही. आंच जिथे लागते तिथेच करपतं. अ‍ॅल्युमिनियम उष्णता दहापटीहून जास्त वेगाने पसरवतं आणि हलकं असतं, पण चिंचेची आमटी, टोमॅटो, आमसूल त्याला खातात. म्हणून दोन्ही स्टीलच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियम घालून पत्रा बनवतात, तो ट्रायप्लाय. दुकानात मात्र दोन वेगळ्या वस्तू एकाच नावाने पुढे येतात. एकात अ‍ॅल्युमिनियम काठापर्यंत गेलेलं असतं. दुसऱ्यात भांडं साधं पातळ स्टीलचं आणि फक्त बुडाला जाड चकती. चकतीचं भांडं आमच्याकडे आहे, त्याचा गुण मला पाठ आहे: गॅस मोठा केला की ज्वाळा चकतीच्या बाहेरून वर चढतात आणि चकती संपते तिथे, कडेने, दुधाचं बरोब्बर गोल तपकिरी कडं धरतं. मधलं दूध छान, कडेचं लागलेलं. पाणी, वरण, पोहे भिजवणं याला ते भांडं उत्तम आहे. भुट्ट्याच्या किसाला नाही. किसलेलं मक्याचं दाणं तुपावर परतून दूध घातलं की पिठूळ होऊन जे चिकटायला लागतं, त्याला बुडाइतकीच कडही एकसारखी तापलेली लागते. मी भांडं बघताना नेहमी कीस डोळ्यासमोर धरते. किसाला उतरलं ते सगळ्याला उतरतं.

चुंबक मी प्रतीसाठी नाही, बुडासाठी नेला होता. इंडक्शनच्या शेगडीला खालचा थर चुंबक धरणारा लागतो. सिलिंडर संपला की आम्ही इंडक्शन काढतो. तिन्ही कढयांच्या बुडाला चुंबक घट्ट बसला, आतल्या बाजूला घरंगळला. शेठजी लगेच म्हणाले, "देखा, अंदर असली तीन सौ चार!" मला पुतण्या आठवला. मी काही बोलले नाही, हे मात्र हसले आणि घात झाला. घासाघीस करायची ती नंतर जमली नाही. शेवटी डब्यावर आणि भांड्यावर दोन्हीकडे प्रत छापलेली होती तीच कढई घेतली. चोवीस सेंटिमीटर, एक किलो दीडशे ग्रॅम, दीड लिटर पाण्यासकट अडीच किलोच्या थोडी वर. सुतळीची तिसरी गाठ काठावर चपखल बसली. कान आतून रिव्हेट मारून बसवलेले. रिव्हेटच्या डोक्याभोवती पिठलं अडकतं आणि घासताना वैताग येतो, हे मान्य. पण नुसते डाग देऊन चिकटवलेले कान मी दोनदा हातात आलेले पाहिलेत, एकदा गरम तेलासकट.

शब्दांचाही गोंधळ झाला. माझं माहेर ग्वाल्हेरचं, तिकडे आम्ही भगोना म्हणायचो. लग्न होऊन इंदूरला आले तर सगळे तपेली म्हणत. सासूबाई पातेलं म्हणतात. पोऱ्याला मी तिन्ही शब्द एका दमात वापरले, तर तो तीन वेगळी भांडी घेऊन आला.

तव्याचं लवकर झालं. पोळीला बिडाचा नको, पत्र्याचा लोखंडी तवा घेतला, नऊशे ग्रॅम. बिडाचा याच मापाचा दोन किलोच्या वर होता. धिरड्यांना आणि ह्यांच्या डोशांना छोटा नॉनस्टिक. त्याच्याबद्दल घाबरवणारे निरोप फोनवर येत असतात. त्यातलं धरायचं ते एवढंच की हा थर साधारण 260 अंशांच्या वर खराब व्हायला लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या आंचेवर ठेवून माणूस फोन घ्यायला गेला तर तिथवर पोचायला वेळ लागत नाही. आमच्याकडे फोन घ्यायला जाणारा माणूस कोण, ते सांगत नाही. त्या तव्यासोबत दोन लाकडी उलथणी घेतली आणि तव्याच्या खिळ्याला बांधून टाकली.

कुकर तीन लिटरचा. झाकण आतून बसणारं की बाहेरून, यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि दुकानात बसून दोन्ही दहा-दहा वेळा लावली-काढली. बाहेरचं झाकण बाणाला बाण जुळवून पिळावं लागतं; नवी रबरी रिंग घट्ट असते, पिळताना मनगटच वळतं. आतलं झाकण तिरकं करून आत सोडायचं आणि वर ओढायचं. पहिल्या चार वेळा डोकं फिरलं, पण पाचव्यांदा बसलं आणि मनगट वळलं नाही. आयएसआयचा शिक्का आणि त्याच्या वरच्या बाजूला आयएस 2347 हा आकडा आहे ना, एवढं बघून तो बाजूला काढला. हे म्हणाले, "तुला जमलं, पण मला जमेल का?" त्यांनाही दहा वेळा लावायला लावलं. आता भांडी दोन माणसांना जमायला हवी होती.

उरला पितळेचा प्रश्न. मी घरी तयारीनेच गेले होते की मोडीत घालायचं म्हटलं तर सासूबाई रुसतील. पाच पितळी पातेली, कसेरा बाजारातली, सगळ्यांवर सासऱ्यांचं नाव आणि साल कोरलेलं. मी विषय काढला तर त्या म्हणाल्या, "घाल की. चाळीस वर्षं चिंच आणि राख लावून घासली, मला विचार काय त्याचं कौतुक. कल्हई गेली की ताक कळकायचं, आणि कल्हईवाला येईल तेव्हा येईल." फक्त पुरणाचं पातेलं ठेवायला सांगितलं. ते आम्ही कल्हई करून घेतलं. मी लहान असताना ग्वाल्हेरला दारासमोर भाता लावून कल्हई करत, तसंच सगळं: भांडं लाल निखाऱ्यावर फिरवायचं, नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर, आणि कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एक हात फिरवला की काळं पितळ आरशासारखं. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही. हेही मी ह्यांना दोनदा सांगितलं. बाकीची चार पातेली मोडीत गेली. पितळेचा नव्याचा भाव आणि मोडीचा भाव यांत किती अंतर आहे ते त्या दिवशी कळलं. पण ती वाद घालायची जागा नव्हती.

घटस्थापनेच्या दिवशी पैसे दिले. कढई, तवा, छोटा तवा, कुकर, कानांचं एक अडीच लिटरचं पातेलं आणि चहा-दुधाला दांड्याचं भांडं. मोड वजा जाता सात हजार सहाशे. शेठजींनी विचारलं, "नाम डालना है?" पोऱ्याने टरटरणारं यंत्र काढलं. ट्रायप्लायच्या बुडावर घालू नको, बाहेरून कानाच्या खाली घाल, असं मी सांगितलं. ह्यांनी माझं नाव सांगितलं, तारखेसकट, सगळ्या भांड्यांवर. आमच्या घरात भांड्यावर बाईचं नाव हे पहिल्यांदाच, त्यामुळे मीही गप्प राहिले, आणि तिथेच चुकले.

घरी येऊन नव्या कढईत पहिला कीस केला तो लागला. स्टील आधी तापवायचं, पाण्याचा थेंब टाकला की तो मोत्यासारखा पळायला हवा, मग तूप घालून आंच कमी करायची. मी गडबडीत थंड कढईत तूप-मका एकदम घातलं. दुसऱ्या दिवशी रीतसर केला, नीट झाला. लोखंडी तव्याला तीन दिवस तेल पाजलं, चौथ्या दिवसापासून पोळी सुटायला लागली. बोरिंगच्या पाण्याने नव्या पातेल्यात पांढरे डाग पडले, ते चमचाभर व्हिनेगर उकळल्यावर गेले.

चहाचं भांडं मात्र फसलं. दुकानात मी त्यात पाणी भरलं, तोललं, दांडा धरला, कपात ओतूनही पाहिलं. सगळं उजव्या हाताने. घरी सकाळी साडेसहाला, पुरतं डोळे उघडले नसताना, मी उकळता चहा डाव्या हाताने उचलते, कारण श्रावणापासून तीच सवय झाली आहे. आणि चोच एकाच बाजूला आहे, उजव्या हाताने ओतणाऱ्यासाठी. डाव्या हाताने ओतलं की चहा चोचीच्या विरुद्ध काठावरून ओघळून ओट्यावर. मी तसंच भांडं घेऊन बदलायला गेले. शेठजींनी फिरवून बघितलं आणि कानाखालच्या, म्हणजे दांड्याखालच्या नावावर बोट ठेवलं. "दोनों तरफ चोंच वाला आता है, बहनजी, पर इसपे तो नाम डल गया."

तेव्हापासून सकाळचा चहा हेच गाळतात. आलं फार कमी घालतात.